मोंढ्यातले काका आणि स्क्रीनमागचा जॉबर

शेअर बाजारात समोरचा माणूस दिसत नाही, पण तो असतो. खरेदीचा एक आणि विक्रीचा एक, असे दोन भाव लावून तो दिवसभर बसतो आणि आपल्या घाईवर कमावतो. त्याच्याशी वागायचं कसं? त्याच्याच गल्लीत वावरलेल्या तिघांना विचारलं...

आमच्या परभणीवरची एक म्हण तुम्हीही कधीतरी ऐकली असेल. 'बनी तो बनी, नहीं तो परभणी!' जमलं तर जमलं, नाहीतर परभणी आहेच. कॉलेजात कुणी ही म्हण ऐकवली की माझं डोकं फिरायचं. हल्ली मात्र ऑफिसच्या कँटीनमध्ये बसलं की वाटतं, ही म्हण परभणीपेक्षा ऑप्शन ट्रेडिंगला जास्त फिट बसते. सव्वानऊ वाजले की चहाच्या कपाआड मोबाइल उघडतात. 'आज एक्सपायरी आहे रे', 'कॉल घेऊ की पुट?', 'बघू, बनी तो बनी!' आणि दुपारी साडेतीनला त्याच टेबलावर स्मशानशांतता.

थट्टा बाजूला ठेवू. सेबीने सप्टेंबर २०२४मध्ये एक अभ्यास जाहीर केला. २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत फ्युचर्स आणि ऑप्शन्समध्ये उतरलेल्या एक कोटीहून अधिक सामान्य ट्रेडर्सपैकी ९३ टक्के तोट्यात गेले. खर्च धरून माणशी सरासरी तोटा साधारण २ लाख रुपये, आणि सगळ्यांचा मिळून १ लाख ८० हजार कोटींच्या वर. पुढच्या, म्हणजे २०२४-२५ या वर्षातही ९१ टक्के लोक तोट्यातच होते.

पण मला जास्त टोचले ते दुसरे दोन आकडे. २०२३-२४मध्ये या ट्रेडर्सपैकी ७२ टक्क्यांहून अधिक जण देशातल्या मोठ्या तीस शहरांच्या बाहेरचे होते आणि ४३ टक्के तिशीच्या आतले. म्हणजे ही फक्त बीकेसी आणि हिंजवडीची गोष्ट राहिलेली नाही. ती परभणीची, जिंतूरची, गंगाखेडचीही झाली आहे. माझ्या घरापर्यंत तर ती कधीच पोचली होती.

'दादा, तो स्टॉपलॉस खातो!'

माझा मामेभाऊ परभणीतल्या एका कृषी सेवा केंद्रात नोकरी करतो. वय सव्वीस. हुशार, हिशेबात एकदम पक्का. मामांनी सोयाबीनच्या पैशातून २ लाख रुपये ठिबकसाठी बाजूला काढून ठेवले होते. याच्या डोक्यात ते ऑप्शन्समध्ये फिरवायचे आणि ठिबकबरोबर मोटारसायकलही घ्यायची, असा प्लॅन शिजत होता. एका रात्री त्याचा फोन आला.

"दादा, चार्ट मला जमायलाय. पण मार्केट मेकर लई बेकार असतो. आपला स्टॉपलॉस खातो आणि मग भाव वर नेतो. तू तिकडं मुंबईत राहतोस. आतल्या माणसांना विचार की, त्याला हरवायचं कसं?"

प्रश्न भारी होता. मार्केट मेकर हा शब्द सगळे वापरतात, व्हिलनसारखा. पण तो नेमका करतो काय, हे किती जणांना ठाऊक असतं? मी त्याला म्हटलं, "महिनाभर थांब. पैशाला हात लावू नकोस. विचारून सांगतो." पहिला माणूस शोधायला मुंबईत फिरावंच लागलं नाही. तो परभणीच्या मोंढ्यातच सापडला.

पहिला धडा : दारातला भाव

मोंढा म्हणजे मराठवाड्यातलं धान्याचं आणि कापसाचं मार्केट. परभणीचा आहे, मानवतचा आहे, सेलूचा आहे. आमच्या ओळखीचे एक आडत काका या मोंढ्यात तीस वर्षं आहेत. शनिवारी देवगिरी एक्स्प्रेसने परभणी गाठली आणि हर्राशी संपल्यावर त्यांच्या गादीवर जाऊन बसलो.

"काका, तुम्ही मार्केट मेकर आहात का?" मी थेटच विचारलं.

काका हसले. "नाही बाबा. मी आडत्या. शेतकऱ्याचा माल लिलावात लावायचा, घेणारा वेगळा, मला माझी आडत. भाव पडला काय, चढला काय, माल माझा नाही. तू म्हणतोस तो माणूस गावात टेम्पो घेऊन जातो."

खेडा खरेदी! गावात जाऊन, शेतकऱ्याच्या दारात, स्वतःच्या पैशाने माल घेणारा व्यापारी. मोंढ्यात क्विंटलला समजा ४,५०० भाव असेल तर तो दारात ४,३०० देतो. आपण म्हणतो, लुटलं! काकांचा हिशेब वेगळा. "शेतकऱ्याला आज रोख पाहिजे. गाडीभाडं नको, रांग नको, ओलाव्याची कटकट नको. ते सगळं हा स्वतःच्या डोक्यावर घेतो. उद्या भाव १०० रुपयांनी पडला तर तोटा याचा. ते २०० रुपये त्या जोखमीचे आहेत. आता त्यानं २००च्या जागी ५०० कापले, तर समजायचं की त्या गावात दुसरा टेम्पो येत नाही."

हेच ते! मार्केट मेकरचा अख्खा धंदा या दोन वाक्यांत आला. तो तुम्हाला 'आत्ता' विकतो. तुम्हाला आत्ता विकायचं आहे आणि खरा गिऱ्हाईक अजून आलेला नाही, तर तोवर तो माल स्वतःकडे ठेवतो. त्याची मजुरी म्हणजे दोन भावांमधला फरक. दुसरा टेम्पो आला की फरक कमी, एकच टेम्पो असला की फरक जास्त.

काकांनी आणखी एक जुनी गोष्ट सांगितली. पूर्वी अनेक बाजारांत रुमालाखाली सौदे व्हायचे. व्यापारी आणि आडत्या कापडाखाली एकमेकांची बोटं दाबून भाव ठरवायचे आणि मालाचा मालक शेजारी उभा राहून फक्त रुमालाकडे बघायचा. ती पद्धत बंद करून कायद्याने उघड लिलाव आणला, तो याचसाठी. भाव दिसला पाहिजे! काका म्हणाले, "तुमच्या शेअरवाल्यांचं बरंय. तिथं म्हणे सगळे भाव मोबाइलवर दिसतात. दिसत असूनही लोक बघत नाहीत का?"

दुसरा धडा : चेहरा दाखवू नका

कापूस आणि शेअर यांचं नातं तसं जुनं. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चाललं होतं, तिथला कापूस इंग्लंडला जाईना, आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचे दिवस आले. त्या पैशातून शेअरचा असा काही ताप चढला की प्रेमचंद रायचंदसारखे सटोडिये राजे झाले. युद्ध संपलं आणि १८६५मध्ये सगळं कोसळलं. झाडाखाली सौदे करणाऱ्या दलालांनी पुढे १८७५मध्ये रीतसर संघटना केली, तेच आजचं बीएसई.

या बीएसईच्या रिंगमध्ये, म्हणजे आरडाओरडा करत सौदे होणाऱ्या त्या जुन्या हॉलमध्ये, जॉबर उभे असायचे. जुन्या भाषेत त्यांना 'तरवणीवाला' म्हणत. माझ्या एका मित्राचे वडील तिथं जॉबर होते. सध्या डोंबिवलीत निवांत पेन्शनरांसारखं आयुष्य चाललंय. परभणीहून परतल्यावर पुढच्या रविवारी त्यांच्याकडे धडकलो.

"काका, तेव्हा नेमकं काय करायचात?"

"दोन भाव सांगायचो. समजा, शंभर-एकशेएक. शंभरला घेईन, एकशेएकला देईन. समोरचा घेणारा आहे की विकणारा, हे मला माहीत नसायचं. म्हणून भाव प्रामाणिक ठेवावा लागायचा. पण अरे, नवा पोरगा धावत आला, कपाळावर घाम, हातातली चिठ्ठी चुरगळलेली... की कळायचं, याला विकायचंय आणि आत्ताच विकायचंय. मग भाव अठ्ठ्याण्णव-शंभर!"

मार्च १९९५मध्ये बीएसईवर स्क्रीनचे सौदे सुरू झाले आणि रिंगचा जमाना संपला. त्याआधीच नोव्हेंबर १९९४मध्ये एनएसईवर शेअरचे सौदे स्क्रीनवर सुरू झाले होते. आता तुमचा घामेजलेला चेहरा कुणाला दिसत नाही. पण काका म्हणाले, "चेहरा गेला, घाई राहिली. तुम्ही ती 'मार्केट ऑर्डर' टाकता ना? ती म्हणजे चुरगळलेली चिठ्ठी. जो भाव असेल तो द्या, असं तुम्ही स्वतःच ओरडून सांगता."

मग मी मामेभावाची तक्रार काढली. आपण विकलं की भाव पाडतात, त्याचं काय?

"पाडत नाही रे. दहा जणांनी मला माल विकला तर माझं गोदाम भरतं. मग मी दोन्ही भाव खाली घेतो, म्हणजे विकणारे थांबतील आणि घेणारे येतील. त्यात कुणाचा राग नसतो. माझा मालच जड झालेला असतो."

आणि मग त्यांनी या सगळ्या प्रकरणातला सगळ्यात मोलाचा फंडा दिला. जॉबरला सगळ्यात जास्त भीती कुणाची? मोठ्या माणसाची नव्हे, जास्त माहिती असलेल्या माणसाची. कंपनीचा रिझल्ट उद्या येणार असेल आणि समोरच्याला तो आजच ठाऊक असेल, तर जॉबर मेला. म्हणून अशा वेळी तो दोन भावांतलं अंतर वाढवतो. "भावात फरक जास्त दिसला की समज, जॉबर घाबरलाय. जो रोज तिथं उभा असतो तो घाबरलाय, तर तू तिथं काय करतोयस?"

तिसरा धडा : स्क्रीनच्या पलीकडे

आता उभं राहणारा जॉबर माणूस नसतो, कॉम्प्युटर प्रोग्रॅम असतो. माझी एक कॉलेजची मैत्रीण स्वतःच्या पैशावर ट्रेडिंग करणाऱ्या एका फर्ममध्ये असे प्रोग्रॅम लिहिते. डोंबिवलीच्या काकांनी जे रिंगमध्ये केलं, तेच ती कोडमध्ये करते. फरक वेगाचा. तिचा जॉबर सेकंदाला शेकडो वेळा भाव बदलू शकतो.

"अरे, तुझ्या भावाचा एकट्याचा स्टॉपलॉस कोण कशाला खाईल?" ती म्हणाली. "तो आम्हाला दिसतच नाही. ट्रिगर होईपर्यंत तो एक्स्चेंजकडे वेगळा पडून असतो. पण हजारो लोक गोल आकड्याच्या खाली किंवा कालच्या नीचांकाखाली स्टॉपलॉस लावतात, हे ओळखायला दिसायची गरज काय? तिथं भाव पोचला की सगळ्या ऑर्डर एकदम विकायला येतात, घेणारे कमी पडतात आणि भाव धाडकन घसरतो. विकणारे संपले की परत वर. तुम्हाला वाटतं कट झाला. खरं तर सगळे एकाच दारातून पळाले."

मग तिने एक हिशेब मांडला. एखाद्या मोठ्या कंपनीचा शेअर १,५०० रुपयांना असेल तर दोन भावांत फरक असतो १०-२० पैशांचा, म्हणजे काहीच नाही. आता एक स्वस्तातला, दूरचा ऑप्शन घ्या. समजा घेणारा ४ रुपये देतोय आणि विकणारा साडेचार मागतोय. साडेचारला घेतला आणि त्याच क्षणी विकला तर चारच मिळतील. भाव जागचा हलला नाही, तरी ११ टक्के गेले! वर ब्रोकरेज, टॅक्स, एक्स्चेंजची फी वेगळी.

त्याच सेबीच्या अभ्यासात दुसऱ्या बाजूचाही आकडा आहे. २०२३-२४मध्ये खर्च वजा करण्याआधी स्वतःच्या पैशाने ट्रेडिंग करणाऱ्या फर्म्सनी ३३ हजार कोटी आणि परदेशी संस्थांनी २८ हजार कोटी कमावले. त्यातला ९५ टक्क्यांहून जास्त नफा अल्गोरिदमने, म्हणजे प्रोग्रॅमने केलेल्या सौद्यांतला. सामान्य ट्रेडर्स आणि इतर मिळून याच ६१ हजार कोटींना बुडाले. "त्याला हरवायचं कसं, हा प्रश्नच सोडून दे," मैत्रीण म्हणाली. "त्याच्याकडे कमीत कमी वेळा जा, आणि जाशील तेव्हा घाई नसताना जा. मग तो तुझ्याकडून जवळजवळ काहीच घेऊ शकत नाही."

जॉबर वेगळा, ऑपरेटर वेगळा

म्हणजे बाजारात सगळे साधुसंत आहेत का? छे! पण इथं दोन माणसांची गल्लत होते. जॉबर दोन्ही बाजूंचे भाव लावतो आणि मधला फरक खातो. ऑपरेटरला भाव एकाच दिशेला न्यायचा असतो. १९९२मध्ये उघडकीला आलेलं हर्षद मेहता प्रकरण किंवा २००१मधलं केतन पारेख प्रकरण आठवा. आपल्याच लोकांत माल फिरवायचा, भाव चढवायचा, आणि गर्दी जमली की तिच्या हातात माल देऊन निघायचं.

कधीकधी ही रेषा कुठे आहे, यावरच भांडण होतं. जेन स्ट्रीट या बलाढ्य अमेरिकन फर्मचा धंदाच मार्केट मेकिंगचा. ३ जुलै २०२५ रोजी सेबीने तिच्याविरुद्ध अंतरिम आदेश काढला आणि ४,८४३ कोटी रुपये जमा करायला लावले. सेबीचं म्हणणं असं : १७ जानेवारी २०२४च्या सकाळी तिने बँक निफ्टीतले शेअर आणि फ्युचर्स मिळून ४,३७० कोटींची खरेदी करून इंडेक्स उचलून धरला, त्याच वेळी ऑप्शन्समध्ये त्याच्या सातपटीहून मोठी उलटी पोझिशन घेतली आणि मग दुपारी शेअर विकून टाकले. शेअर-फ्युचर्समध्ये ६१ कोटींचा तोटा, ऑप्शन्समध्ये ७३४ कोटींचा नफा. कंपनीने आरोप नाकारले आणि अपिलात गेली. निकाल काहीही लागो, आपल्यासाठी मुद्दा एवढाच, की एक्सपायरीच्या दिवशी समोर कोण किती मोठा बसलेला आहे, हे मोबाइलवरून कळायला मार्ग नसतो.

छोट्या शेअरमध्ये तर टेम्पो एकच असतो. व्हॉट्सअॅप ग्रुपवर 'आतली बातमी, लगेच घ्या' असं येतं ते बहुतेक वेळा अशाच शेअरसाठी. या 'आतल्या बातमी'चं गणित साधं आहे. ती खोटी असेल तर तुम्ही सापळ्यात. ती खरी आणि गुप्त असेल तर तिच्यावर सौदा करणं हा इन्सायडर ट्रेडिंगचा गुन्हा. तिसरा पर्याय नाही. आतल्या माणसाकडून टिप नको, धंद्याची रीत विचारा. मला तिघांकडूनही एकाही शेअरचं नाव मिळालं नाही, आणि माझं काही अडलंही नाही.

वहीतला हिशेब

हे सगळं मामेभावाला फोनवर सांगितलं. त्याला काही ते पटलं नाही. "दादा, हे त्यांचं झालं. माझा अंदाज बरोबर येतो ना पण!"

मग आम्ही एक करार केला. पैसे न लावता त्याने महिनाभर वहीत सौदे लिहायचे. अट एकच. घेताना विकणाऱ्याचा भाव धरायचा, विकताना घेणाऱ्याचा, आणि प्रत्येक सौद्याला खर्च लावायचा. मधला, सोयीचा भाव लिहायचा नाही.

महिन्याने त्याने वहीचा फोटो पाठवला. बावीस सौदे. त्यातल्या बारा वेळा दिशा बरोबर ओळखलेली. निम्म्याहून जास्त! तरीही शेवटचा आकडा लाल. तोट्यातला मोठा हिस्सा चुकलेल्या अंदाजांचा नव्हताच. तो दोन भावांतल्या फरकाचा आणि खर्चाचा होता. खाली त्याने लिहिलं होतं, 'म्हणजे मी रोज दारातच सोयाबीन विकायलो.'

ठिबकचे पाइप दिवाळीनंतर शेतात पडले. मोटारसायकल अजून यायची आहे. पगारातून तो दर महिन्याला इंडेक्स फंडात थोडे पैसे टाकतो आणि चार्ट अजूनही बघतो. बघायला पैसे पडत नाहीत.

जॉबरच्या दारात जाताना...

- मार्केट ऑर्डर शक्यतो टाळा. लिमिट ऑर्डर टाका, म्हणजे तुमच्या भावापेक्षा वाईट भावात सौदा होत नाही. सौदा झालाच नाही, तर समजा की बाजाराला तुमचा भाव मान्य नव्हता.

- ऑर्डर टाकण्यापूर्वी खरेदी आणि विक्रीच्या भावातला फरक टक्क्यांत काढा. अर्ध्या टक्क्याच्या वर दिसला तर हात आवरा आणि कारण शोधा.

- सव्वानऊची झुंबड टाळा. बाजार उघडल्यावर पहिली काही मिनिटं जॉबरलाही भावाचा अंदाज नसतो, म्हणून फरक मोठा असतो. रिझल्टच्या तोंडावरही तेच.

- एसएमई शेअर घेताना जपून. तिथं लिस्टिंगनंतर किमान तीन वर्षं मार्केट मेकर असणं बंधनकारक असतं. तो आहे म्हणून भाव योग्यच आहे असं नाही, फक्त दुकान उघडं आहे. दुकान बंद झाल्यावर माल कोण घेणार, हे आधी विचारा.

- ईटीएफ घेताना त्याचा आय-एनएव्ही, म्हणजे त्या क्षणाचं अंदाजे खरं मूल्य, बघा. बाजारातला भाव त्याच्या फार वर असेल तर थांबा.

- लोअर सर्किट म्हणजे घेणारा कुणीच नाही. रोजची उलाढाल अगदी किरकोळ असलेल्या शेअरमध्ये स्टॉपलॉस लावूनही सुटका होईलच असं नाही.

- सल्ला देणाऱ्याची सेबी नोंदणी सेबीच्या वेबसाइटवर तपासा. फसवणूक वाटली तर 'स्कोअर्स' या सेबीच्या पोर्टलवर तक्रार करता येते.

- ठरावीक तारखेला लागणारे पैसे बाजारात नेऊ नका. ज्याला तारीख आहे त्याला घाई आहे, आणि घाईचा भाव कायम समोरचा ठरवतो.